ओळख परेडीचा पंचनामा हातात आला की नेमकं काय काय तपासायचं?

ताम्हण

नमस्कार. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आरोपींच्या बचावासाठी नेमल्या जाणाऱ्या नव्या वकिलांसाठी एक टिपण तयार करायचं आहे. विषय मुद्दाम अरुंद ठेवला आहे: आरोपी फिर्याद देणाऱ्याच्या आधीपासून ओळखीचा नाही, फिर्यादीत 'तीन ते चार अनोळखी इसम' एवढंच आहे, डीएनए किंवा बोटांचे ठसे नाहीत, जप्ती नावापुरती आहे. सगळा खटला दोन-तीन साक्षीदारांच्या ओळखीवर आणि कारागृहात घेतलेल्या ओळख परेडीवर, म्हणजे रांगेतल्या माणसांतून साक्षीदाराने आरोपी ओळखण्याच्या चाचणीवर, उभा आहे. जबरी चोरी, दरोडा, रात्रीचा हल्ला अशा प्रकरणांत हे नेहमीचंच.

माझे प्रश्न असे. परेडीला कायद्यात वजन किती? दोषारोपपत्राच्या गठ्ठ्यातले कोणते कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे? साक्षीदार प्रामाणिक आहे, शपथेवर ठाम आहे, पण चुकतो आहे असं वाटत असेल तर उलटतपास कसा घ्यायचा? आणि आरोपीने परेडीला उभं राहायला नकार द्यावा का? पाठ्यपुस्तकातली व्याख्या नको आहे, टेबलावर फाइल उघडली की हात कुठे घालायचा ते सांगा.

---

सातबारा

आधी वजनाचं बोलू, कारण नवे वकील इथेच घसरतात. ओळख परेड हा स्वतंत्र, मूळ पुरावा नाही. साक्षीदार न्यायालयात पिंजऱ्यातल्या आरोपीकडे बोट दाखवून 'हाच तो' म्हणतो तो मूळ पुरावा. परेड त्याला फक्त दुजोरा देते. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ९ खाली यायचं, भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ७ खाली येतं. अटक झालेल्याची ओळख घेण्याचा आदेश देण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ५४-अ होती, तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ५४ आहे. १ जुलै २०२४ च्या आधीपासून चालू असलेल्या खटल्यांत जुनेच क्रमांक दिसतील, टिपणात दोन्ही द्या.

याचे दोन परिणाम होतात. परेड घेतलीच नाही म्हणून खटला आपोआप पडत नाही. न्यायालयातली ओळख ग्राह्यच राहते, प्रश्न तिच्यावर किती विसंबायचं एवढाच उरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मलखानसिंग निकालात हे स्पष्ट केलं आहे. उलट बाजूने, परेडीत ज्याने ओळखलं तो साक्षीदार न्यायालयात साक्षीलाच आला नाही, तर परेडीचा कागद पोकळ ठरतो. दुजोरा द्यायला मूळ गोष्टच उरत नाही. सरकारी वकील कधी कधी नायब तहसीलदाराला तपासून परेड 'शाबीत' झाली म्हणतात आणि ओळखणारा साक्षीदार वगळतात. तिथे लगेच थांबवा.

दुसरी भिंत म्हणजे याच संहितांचं जुनं कलम १६२, आताचं १८१. पोलिसांपुढे केलेलं विधान सरकार पक्षाला पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि बोट दाखवून ओळखणं हेही विधानच. त्यामुळे परेड चालू असताना पोलीस तिथे हजर असतील तर ती ओळख पोलिसांपुढची ठरते. रामकिशन मिठनलाल शर्मा विरुद्ध मुंबई राज्य हा १९५४ चा निकाल याच मुद्द्यावरचा आहे आणि आजही कामाला येतो. पंचनाम्यात 'पोलीस बाहेर गेले' असं छापील वाक्य असतंच. तेवढ्यावर थांबू नका. साक्षीदारांना कारागृहापर्यंत कोणी आणलं, ते कोणत्या खोलीत बसले, खोलीतून त्यांना कोणी बोलावून नेलं, हे प्रत्येक साक्षीदाराला वेगवेगळं विचारा. बोलावणारा हवालदार तपास पथकातलाच निघतो असं पुष्कळदा होतं.

---

निवडुंग

कागदांचं मी लिहितो. एक मोठा कागद घ्या, आडवी रेघ मारा आणि तिच्यावर तारखा टाका. घटना, फिर्याद, अटक, पहिली पोलीस कोठडी, कोठडीची प्रत्येक वाढ, न्यायालयीन कोठडी, परेडीसाठी तहसीलदाराला गेलेलं पत्र, परेडीची तारीख, प्रत्येक साक्षीदाराचा जबाब आणि पुरवणी जबाब. गफलत या रेघेवरच दिसते. परेडीच्या दिवशी जे झालं त्यापेक्षा अटक ते परेड या मधल्या दिवसांत काय झालं, हा खरा प्रश्न असतो. साक्षीदाराने आरोपीला मध्येच कुठे पाहिलं असेल तर परेड कितीही नेटकी घेतली तरी ती त्या पाहण्याचीच परीक्षा होते, गुन्ह्याच्या रात्रीची होत नाही.

मग जुळवणी. फिर्यादीतलं वर्णन घ्या. साधारण असं असतं: 'अंदाजे वय २५ ते ३० वर्षे, सडपातळ बांधा, रंग सावळा, अंगात काळा शर्ट, समक्ष पाहिल्यास ओळखेन.' आता अटक पंचनामा काढा. त्यात आरोपीची उंची, बांधा, अंगावरच्या खुणा लिहिलेल्या असतात. भुवईवर जुना व्रण, पुढचा दात तुटलेला, हातावर गोंदलेलं नाव अशी नजरेत भरणारी खूण तिथे आहे आणि फिर्यादीत तिचा उल्लेखच नाही, तर हा तुमचा पहिला मुद्दा. नंतर पुरवणी जबाब बघा. अटकेनंतर घेतलेल्या पुरवणी जबाबात अचानक 'त्याच्या भुवईवर व्रण होता' असं आलं असेल, तर साक्षीदाराला ते कुठून कळलं? घटनेच्या रात्री आठवलं नाही ते वीस दिवसांनी, नेमकं अटकेनंतर, कसं आठवलं?

पुढचं, रिमांडचे अर्ज. पोलीस कोठडी मागताना तपास अंमलदार कारणं लिहितात. 'साक्षीदारांसमक्ष आरोपीकडे तपास करणे आहे' किंवा 'घटनास्थळ दाखवून पंचनामा करणे आहे' अशी वाक्यं शोधा. आरोपीला घटनास्थळी नेलं तेव्हा फिर्यादी घरातच होता का? आरोपीच्या सांगण्यावरून केलेल्या निवेदन पंचनाम्यावर पंच म्हणून शेजाऱ्याचं नाव आहे आणि तोच शेजारी परेडीत साक्षीदार आहे, असंही सापडतं.

आरोपीच्या चेहऱ्यावर बुरखा होता का, हे प्रत्येक हालचालीच्या नोंदीत बघा. अटकेच्या वेळी, न्यायालयात नेताना, वैद्यकीय तपासणीला नेताना, कारागृहात दाखल करताना. एका जागी नोंद आणि चार जागी नाही, म्हणजे चार वेळा चेहरा उघडा होता असं धरून प्रश्न विचारा. वर्तमानपत्रातली कात्रणं आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलेला फोटो हेही मिळवा. अटकेच्या दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला असेल तर परेडीचा अर्थच संपतो. गिरीशन नायर विरुद्ध केरळ या २०२२ च्या निकालात न्यायालयाने हेच धरलं: परेडीआधी साक्षीदारांना आरोपी बघायला मिळाले असतील तर ती परेड निरर्थक आहे, आणि तशी संधी मिळाली नव्हती हे दाखवण्याचा भार सरकार पक्षावर आहे.

अजून एक, जे फार कमी जण करतात. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितले आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जपायला सांगितलं. साक्षीदार ठाण्यात कोणत्या तारखेला आला हे पुरवणी जबाबावर लिहिलेलं असतं. त्या तारखेला आरोपी त्याच ठाण्याच्या लॉकअपमध्ये असेल तर कलम ९४ खाली, म्हणजे जुन्या ९१ खाली, त्या दिवसाचं चित्रण आणि स्टेशन डायरीची नोंद मागा. पहिल्याच तारखेला मागा. दोषारोप ठेवला जाईपर्यंत थांबलात तर 'चित्रण उपलब्ध नाही' असं उत्तर येईल.

---

उंबरठा

परेड कशी व्हायला हवी हे माहीत नसेल तर काय चुकलं ते दिसणार नाही, म्हणून त्यावर थोडं सविस्तर.

महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये पहिल्याच प्रकरणात परेडीबद्दल सूचना आहेत. वकिलाने त्याची प्रत न्यायालयात सोबत ठेवावी आणि परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ओळीनं विचारावी. आपल्याकडे परेड बहुधा नायब तहसीलदार किंवा तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी म्हणून घेतात. दिल्लीत न्यायदंडाधिकारी घेतात. त्यामुळे दिल्लीचे निकाल वाचताना हा फरक लक्षात ठेवा.

एक आरोपी असेल तर रांगेत किमान सहा डमी, म्हणजे प्रकरणाशी संबंध नसलेली माणसं, हवेत. दोन आरोपी असतील तर दहा-बारा जण. एका परेडीत दोनाहून जास्त आरोपी शक्यतो नकोत. पाच आरोपी एकाच रांगेत उभे केले आणि डमी सातच, असा पंचनामा हाती आला तर पुढचं फारसं वाचायचीही गरज नाही. डमी वयाने, उंचीने, बांध्याने, पेहरावाने आरोपीसारखे हवेत. आरोपीच्या चेहऱ्यावर खूण असेल तर ती झाकायला हवी किंवा सगळ्यांच्याच चेहऱ्यावर त्याच जागी पट्टी लावायला हवी. आरोपीला हवी ती जागा घेऊ द्यायची, कपडे बदलायची मुभा द्यायची, आणि प्रत्येक साक्षीदार झाल्यावर पुन्हा जागा बदलायची संधी द्यायची. ओळखून झालेला साक्षीदार थांबलेल्या साक्षीदारांत मिसळता कामा नये.

आता आकडे का महत्त्वाचे ते सांगतो. सहा डमी आणि एक आरोपी, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं तरी सातात एक वेळा ते आरोपीवर पडणार, म्हणजे सुमारे १४ टक्के. पण हा हिशेब सातही जण सारखे दिसत असतील तरच खरा. फिर्यादीत 'सडपातळ, सावळा, पंचविशीचा' असं असेल आणि सहा डमींपैकी चार जण पोट सुटलेले किंवा चाळिशीचे असतील, तर कागदावर सात दिसले तरी प्रत्यक्षात तीनच उरतात. म्हणून पंचनाम्यात डमींची वयं, उंची लिहिली आहे का ते आधी बघा. बहुतेक वेळा फक्त नावं असतात, कधी तर 'सारख्या वर्णनाचे सहा इसम' एवढंच. अधिकाऱ्याला विचारा: डमी कोणी निवडले? तुम्ही की तुरुंगाधिकाऱ्याने? किती जणांतून निवडले? दाढी कोणाकोणाला होती? कोठडीतून आलेला आरोपी दाढी वाढलेला आणि मळक्या कपड्यांत, डमी मात्र सकाळी दाढी केलेले, हा फार नेहमीचा दोष आहे.

घड्याळही बघा. दोन आरोपी, तीन साक्षीदार, बारा डमी. डमी निवडायचे, पंचांची खात्री करायची, आरोपींना समजावून सांगायचं, जागा आणि कपडे बदलू द्यायचे, एकेक साक्षीदार आणायचा, त्याला विचारायचं, रांगेतून फिरवायचं, त्याने हात लावायचा, नोंद करायची, पुन्हा जागा बदलायच्या, हे तीनदा. पंचनाम्यावर 'सुरुवात ११.०० वा., समाप्ती ११.३० वा.' असेल तर यातल्या कोणत्या पायऱ्या गाळल्या हे अधिकाऱ्यालाच मोजायला लावा. तिन्ही साक्षीदारांनी आरोपीला 'डावीकडून चौथा' म्हणून ओळखलं असेल, तर आरोपीने जागा बदलली नाही की बदलू दिली नाही, तेही विचारा.

शेवटी पंचनाम्याचं अक्षर. तो अधिकाऱ्याने जागेवर लिहिला का, की ठाण्यातल्या रायटरने आधीच टाइप करून आणला आणि रिकाम्या जागा भरल्या? नावं वेगळ्या शाईत, बाकी मजकूर टाइप केलेला. तिन्ही साक्षीदारांच्या तोंडी एकच वाक्य, एकच शुद्धलेखनाची चूक. अशा वेळी मूळ प्रत मागवून न्यायाधीशांपुढे ठेवा. झेरॉक्समध्ये शाई कळत नाही.

---

कोरा कागद

वरचे प्रतिसाद उपयोगी आहेतच, पण तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात कठीण.

अनोळखी माणसाला ओळखण्यात चुकणारा साक्षीदार खोटं बोलत नसतो. त्याला खोटारडा ठरवायला गेलात तर न्यायाधीशांची सहानुभूती त्याच्याकडे जाते, आणि ते योग्यही आहे. तो गुन्ह्याचा बळी असतो. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात टर्नबुल निकालाने हे सूत्र घालून दिलं की चुकलेला साक्षीदारही अगदी खात्रीचा वाटू शकतो आणि असे अनेक साक्षीदार एकाच वेळी चुकू शकतात, म्हणून ज्युरीला तसा इशारा देणं बंधनकारक आहे. अॅडॉल्फ बेक नावाच्या माणसाला लंडनमध्ये १८९६ साली अनेक बायकांनी 'हाच तो ठग' म्हणून ओळखलं. तो शिक्षा भोगून आला, आणि १९०४ मध्ये त्याच प्रकारच्या गुन्ह्यात पुन्हा ओळखला जाऊन पुन्हा दोषी ठरला. खरा ठग त्यानंतर सापडला. त्या सगळ्या बायका मनापासून बोलत होत्या. या प्रकरणानंतरच तिथे १९०७ च्या कायद्याने फौजदारी अपिलाचं न्यायालय उभं राहिलं. अमेरिकेतही नंतर डीएनएने निर्दोष ठरलेल्या लोकांच्या खटल्यांत चुकीची ओळख हे सर्वांत वारंवार दिसलेलं कारण आहे.

चूक होते कशी? कोयता समोर असेल तर नजर कोयत्यावर खिळते, चेहऱ्यावर नाही. चेहरा दिसतो तो काही सेकंद, टॉर्चच्या उलट्या प्रकाशात. नंतर ठाण्यात एखादा फोटो दाखवला जातो, किंवा लॉकअपच्या गजांआड तो माणूस दिसतो. मेंदू हे दोन चेहरे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवत नाही. नंतरचा, जास्त स्पष्ट चेहरा आधीच्या धूसर चेहऱ्यावर बसतो. परेडीनंतर कोणी 'बरोबर ओळखलंत' म्हटलं की खात्री वाढते, आणि दोन-तीन वर्षांनी साक्षीच्या दिवशी ती शंभर टक्के झालेली असते. म्हणून न्यायालयातल्या ठामपणाला फार किंमत नाही. घटनेनंतर पहिल्यांदा वर्णन देताना तो किती ठाम होता, हे बघायचं.

उलटतपासात साक्षीदाराला 'तुम्ही चुकता आहात' असं म्हणूच नका. त्या रात्रीची परिस्थिती त्याच्याच तोंडून मोजून घ्या. लाइट होती का, भारनियमन होतं का, दिवा कुठे होता, तो तुमच्या तोंडासमोर की त्याच्या? तोंडावर रुमाल बांधलेला होता का? किती फुटांवरून पाहिलं, या न्यायालयात दाखवा. किती वेळ? घड्याळ लावून सांगायला लावा. 'पाच मिनिटं' म्हणणारा माणूस प्रत्यक्ष मोजलं की पंधरा सेकंदांवर येतो. तुम्ही चष्मा वापरता का, त्या वेळी लावला होता का? झोपेतून उठला होतात का? चौघांपैकी कोणी काय केलं? आणि मग शांतपणे: ठाण्यात तुम्हाला कितीदा बोलावलं? फोटोंची वही दाखवली का? परेडीला जाताना 'आरोपी सापडले आहेत, ओळखायला या' असं सांगितलं होतं का? बहुतेक साक्षीदार या शेवटच्या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणतात, कारण त्यांना त्यात काही गैर वाटत नाही. पण त्या 'हो' मध्ये सगळं आलं. आरोपी रांगेत आहेच हे ठाऊक असलेला माणूस 'यांत तो नाही' असं म्हणायची शक्यता फार कमी असते. तो रांगेतला सगळ्यात जवळचा चेहरा निवडतो.

---

निवडुंग

फोटोंच्या वहीवरून नाशिकचा खटला टिपणात घ्यायलाच हवा.

जून २००३ मध्ये नाशिकजवळ शेतातल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला. कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, मायलेक दोघं जखमी होऊन वाचली. सहा जणांवर खटला चालला. सहाही भटक्या समाजातले, हातावर पोट असलेले मजूर. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे त्यानंतर सिद्ध झालं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन अपिलं पुन्हा ऐकली, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं.

त्यात काय निघालं? वाचलेल्या आईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांकडच्या फोटोंच्या वहीतून चार माणसं ओळखली होती, आणि ती चौघं या सहांपैकी नव्हती. तिचा तसा जबाब विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे झाला होता. तरी त्या चौघांवर खटला झाला नाही, आणि पुढे वेगळीच सहा माणसं परेडीत आणि न्यायालयात ओळखली गेली. सोळा वर्षं हा कागद होता, आणि तीन न्यायालयांच्या निकालांत त्याचं जे वजन पडायला हवं होतं ते पडलं नाही.

म्हणून फाइल मिळाल्याबरोबर एक अर्ज द्या. सरकार पक्ष ज्या कागदांवर विसंबतो त्यांच्या प्रती कलम २३० खाली, जुन्या २०७ खाली, मिळतातच. पण तपासात गोळा केलेले आणि दोषारोपपत्रात न घेतलेले जबाब, दस्त, वस्तू यांची यादीही आरोपीला द्यायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांतल्या त्रुटींबाबतच्या स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात ठरवलं आणि २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालात पुन्हा सांगितलं. ही यादी न मागता दोषारोपाच्या टप्प्यावर जाऊ नका. यादीत 'फोटो अल्बमवरून घेतलेला जबाब' किंवा कोणाला ओळखता आलं नाही अशी आधीची परेड दिसली, तर तो तुमचा बचाव आहे.

वयाचंही त्याच दिवशी उरकून टाका. आरोपीच्या घरच्यांना शाळा सोडल्याचा दाखला आणायला सांगा. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, निकाल अंतिम झाल्यावरसुद्धा मांडता येतो. बाल न्याय अधिनियमाचं कलम ९ बघा. पुण्यातल्या १९९४ च्या एका हत्याकांडात फाशी झालेला माणूस गुन्ह्याच्या वेळी १२ वर्षांचा होता, हे शाळेच्या नोंदीवरून ठरायला आणि त्याची सुटका व्हायला २०२३ उजाडलं. २८ वर्षं तो आत होता.

---

ताम्हण

हे सगळं टिपणात जाणार. नकाराचा प्रश्न राहिला. आणि ७/११ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातला मुंबई उच्च न्यायालयाचा २०२५ चा निकाल द्यावा का? त्यातही ओळख परेड फेटाळली आहे.

---

सातबारा

निकाल वाचा, पण युक्तिवादात आधार म्हणून देऊ नका. उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी १२ जणांना निर्दोष ठरवलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ जुलैला आदेश झाला की सुटलेल्यांना परत तुरुंगात न्यायचं नाही, पण हा निकाल पूर्वदाखला म्हणून धरायचा नाही. तुम्ही तो वाचून दाखवला तर सरकारी वकील तो आदेश पुढे करतील आणि तुमचं बाकीचं म्हणणंही झाकोळेल. त्यातली परेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला अधिकार होता का ही तपासणी मात्र शिकण्यासारखी आहे. विशेष कार्यकारी अधिकारी असेल तर त्याच्या नेमणुकीची अधिसूचना आणि मुदत मागा. परेडीच्या तारखेला तो त्या पदावर होता का, एवढाच प्रश्न.

नकाराबद्दल: 'माझा हक्क आहे' म्हणून सरसकट नकार देऊ नये. मुकेश सिंग विरुद्ध दिल्ली या २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की परेडीला उभं राहणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, त्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ची ढाल चालणार नाही. नकार दिला तर त्यावरून विरुद्ध अनुमान निघू शकतं, आणि मग साक्षीदार न्यायालयात प्रथमच ओळखेल ते तुमच्याच पदरात पडेल.

पण साक्षीदारांना आधीच दाखवलं असेल तर ते सांगायची जागा परेडीची सकाळ नव्हे. पहिल्या रिमांडलाच दंडाधिकाऱ्यांपुढे तोंडी सांगा आणि लेखी अर्ज द्या: अमुक तारखेला ठाण्यात अमुक लोकांसमोर उभं केलं, मोबाइलवर फोटो काढले. अर्जावर आवक शिक्का आणि तारीख घ्या. वकील नसेल तर आरोपीने स्वतः सांगावं, दंडाधिकाऱ्यांनी ते रोजनाम्यात घ्यावं. चेहरा झाकून ने-आण करावी असाही अर्ज त्याच दिवशी द्या. मग परेडीला उभं राहून हरकत पंचनाम्यात नोंदवायला सांगा. अधिकाऱ्याने नोंद केली नाही तर दुसऱ्या दिवशी तुरुंगातून न्यायालयाला अर्ज पाठवा. खटल्यात पहिल्यांदा घेतलेली हरकत 'नंतर सुचलेली' म्हणून बाजूला पडते.

---

उंबरठा

उशिराबद्दल एक भर. इतक्या दिवसांत परेड झालीच पाहिजे अशी मुदत कायद्यात नाही. दहा दिवसांचा उशीरही घातक ठरू शकतो आणि महिनाभराचा चालूनही जाऊ शकतो. न्यायालय बघतं ते कारण. १९८१ च्या वकील सिंग निकालात साडेतीन महिन्यांचा उशीर आरोपींच्या बाजूने गेला. तपास अंमलदार 'तहसीलदार साहेब निवडणुकीच्या कामात होते' म्हणतील. तहसीलदाराला पत्र कोणत्या तारखेला गेलं, त्यावरचा आवक क्रमांक काय, ते बघा. आरोपी २ तारखेला अटक, पत्र २४ तारखेला, तर तहसीलदाराचा काय संबंध?

---

कोरा कागद

निर्दोष सुटल्यावर काय, हेही टिपणाच्या शेवटी चार ओळींत यावं, घरचे विचारतात. चुकीच्या शिक्षेची भरपाई हक्काने मिळेल असा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात तसा कायदा सुचवला होता. विनाकारण अटक करायला लावणाऱ्याकडून भरपाई देण्याची जी तरतूद आहे, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९९, तिची कमाल रक्कम एक हजार रुपये आहे. बाकी मार्ग घटनात्मक न्यायालयात रिट अर्ज. नाशिकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकालातच प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितले. सोळा वर्षांवर वाटले तर दिवसाला साधारण ८५ रुपये होतात, रोजंदारीच्या मजुरीपेक्षा कितीतरी कमी.

---

ताम्हण

आभार. शेवटची शंका: आधीच्या वकिलाने साक्षीदाराचा उलटतपास 'नाही' म्हणून सोडून दिला असेल तर?

---

सातबारा

कलम ३४८, जुनं ३११. साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज द्या, पण 'वकील बदलला' किंवा 'आधीचा उलटतपास नीट झाला नाही' या कारणावर देऊ नका. २०१५ च्या शिवकुमार यादव निकालानंतर ते टिकत नाही. अर्जात नेमका कागद दाखवा: नव्याने मिळालेला अल्बमचा जबाब, स्टेशन डायरीची नोंद, छापून आलेला फोटो. कोणते प्रश्न विचारायचे ते अर्जातच लिहा, पाच-सहाच ठेवा, आणि साक्षीदाराचा प्रवासखर्च द्यायची तयारी दाखवा. युक्तिवादाची तारीख लागण्याआधी द्या.